अकरा वर्षांचे चार दिवस

पुण्यात मालिका कोणी बघत नाही. विचारून पाहा. "छे हो, आमच्याकडे फक्त बातम्या लागतात," असं सांगणारे गृहस्थ पाचव्या मिनिटाला "पण त्या धाकट्या सुनेनं काल घर सोडायला नको होतं" असं बोलून जातात, आणि मग सावरून घेत खुलासा करतात, की समोर चालू असतं, जेवताना कानावर पडतं. या गृहस्थांचं जेवण साडेसातला सुरू होतं आणि दहाला संपतं. पानात असतात दोन पोळ्या, वांग्याची भाजी आणि ताकभात. एवढ्या जेवणाला अडीच तास लावणारा माणूस एक तर फार सावकाश चावत असला पाहिजे; दुसरी शक्यता चारचौघांत उच्चारायची नसते.

मालिकेला नावं ठेवणं हा आपल्याकडे सुशिक्षितपणाचा दाखला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा तो कुठेही काढून दाखवता येतो. आता ही नावं मालिकेपाशीच थांबली तर एक वेळ ठीक आहे. पण ती तिच्यात काम करणाऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचतात. "त्या ना? पूर्वी फार चांगलं काम करायच्या हो!" या वाक्यातला 'पूर्वी' जरा कान देऊन ऐकावा. माणूस धडधाकट असताना त्याला वाहिलेली ती श्रद्धांजली असते.

रोहिणी हट्टंगडी यांच्या वाट्याला हा 'पूर्वी' जितका आला, तितका क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. बाई पुण्याच्या. पूर्वाश्रमीच्या रोहिणी ओक. १९५१ सालचा जन्म, शाळा रेणुका स्वरूप. म्हणजे सगळं सदाशिव पेठेच्या हाकेच्या अंतरावरचं, आणि म्हणूनच त्यांना नावं ठेवण्याचा पहिला मान आमचा. गावाबाहेरच्या नटाला आम्ही आधी टाळ्या देतो आणि मग नावं ठेवतो. घरच्या माणसाशी एवढी औपचारिकता कोण पाळतो?

तक्रार थोडक्यात अशी: ज्या बाईनं 'गांधी'त कस्तुरबा केली, तिनं दूरचित्रवाणीवर अकरा वर्षं सासू करावी म्हणजे काय? वाया गेल्या बिचाऱ्या! ही तक्रार इतक्या ठिकाणी, इतक्या हळहळीनं ऐकू येते, की तिची एकदा नीट उलटतपासणी केली पाहिजे.

पहिल्यापासून बघू. १९७१ साली त्या दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्या. तिथे इब्राहिम अल्काझींच्या शिस्तीत तीन वर्षं काढली. ही शिस्त म्हणजे थट्टा नव्हती. नटानं नाटकातलं राज्य करायच्या आधी रंगमंच झाडायला शिकलं पाहिजे, अशी ती तालीम. तिथेच त्यांना जयदेव हट्टंगडी भेटले, दिग्दर्शक. पुढे दोघांचं लग्न झालं आणि दोघांनी मिळून नाटकं केली. १९७८ सालच्या 'अरविंद देसाई की अजीब दास्तान'मध्ये त्या पडद्यावर आल्या. आणि मग आला रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा 'गांधी'.

'गांधी'चं चित्रण झालं १९८०-८१ साली. बाई तेव्हा जेमतेम तिशीच्या उंबरठ्यावर. त्या वयात हिंदी सिनेमातली नायिका झाडाभोवती फिरत असते आणि तिच्या पुढची एकमेव अडचण म्हणजे झाड. रोहिणीबाईंना मात्र आफ्रिकेतल्या तरुण कस्तुरबेपासून आगाखान पॅलेसमधल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या कस्तुरबांपर्यंत सगळी वाट चालायची होती. कस्तुरबा गेल्या त्या पुण्यातच, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. पुण्याच्या मुलीनं पुण्यात संपलेलं आयुष्य जगाला दाखवलं आणि ब्रिटिश चित्रपट अकादमीनं तिला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, अमेरिकेच्या मॉरीन स्टेपल्टनबरोबर विभागून. इंग्रजांशी भांडलेल्या बाईची भूमिका करून इंग्रजांकडूनच बक्षीस आणणं, हे त्यातल्या त्यात पुणेरी!

त्या चित्रपटातला एक प्रसंग आठवून पाहा. आफ्रिकेतल्या आश्रमात संडास साफ करायला कस्तुरबा नकार देतात. मोहनदास संतापतात आणि बायकोला दाराकडे ओढत नेतात. एवढंच. राजकारण नाही, इंग्रज नाहीत, नौखालीही नाही. नवराबायकोचं घरातलं भांडण, आणि प्रश्न एकच: या घरात चालणार कोणाचं? रोहिणीबाई तिथे रडत नाहीत, किंचाळत नाहीत. अपमान झालेली बाई आपली पाठ सरळ ठेवते, आणि महात्म्याला आपण काय केलं ते कळतं. एकशे एक्क्याण्णव मिनिटांच्या त्या भव्य चित्रपटात लाखोंचा जनसमुदाय आहे. पण महात्मा तिथे माणूस दिसतो तो त्या दोन मिनिटांत, बायकोसमोर. हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

त्यानंतर हिंदी सिनेमानं एक सोयीस्कर शोध लावला, की ही बाई म्हातारी होऊ शकते. मग काय! १९८४ सालच्या 'सारांश'मध्ये तरुण मुलगा गमावलेल्या, तो पुन्हा जन्माला येईल या आशेवर जगणाऱ्या पार्वतीची भूमिका त्यांनी तेहतिसाव्या वर्षी केली. समोर वृद्ध पती म्हणून अनुपम खेर, जे अजून तिशीही ओलांडायचे होते. दोन तरुण माणसं म्हातारपणाचं इतकं खरं दुःख भोगत होती, की खरे म्हातारे थिएटरात रडत होते. इथवर ठीक. कारण भूमिकेत जीव होता. पण १९९० सालच्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. बच्चन १९४२ चे, बाई १९५१ च्या. मुलापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेली आई! शाळेत असं गणित आलं असतं तर मास्तरांनी छडी हातात घेतली असती. सिनेमात त्याला फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं, आणि मुलाच्या पापाच्या पैशाला हात न लावणारी ती आई पाहिली की गणित विसरायलाही होतं. पण गणित चुकीचंच आहे. नायक पन्नाशीकडे झुकला तरी नायक, आणि नटी तिशी ओलांडली की त्याची मातोश्री, हा सिनेमाचा हिशेब आहे. या हिशेबाबद्दल हळहळणारे फारसे भेटत नाहीत. हळहळ राखून ठेवलेली असते ती मालिकेसाठी.

आता ही मालिका नावाची वस्तू आली कुठून? अमेरिकेत १९३० च्या सुमारास दुपारच्या वेळी रेडिओवर बायकांसाठी श्राव्य कादंबऱ्या लागत; त्यांचा खर्च साबणवाल्या कंपन्या करत. तिथून ती गेली दक्षिणेला, मेक्सिकोत. आणि तिथून भारतात आणण्याचं श्रेय एका मराठी माणसाकडे जातं. माहिती आणि नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ साली मेक्सिकोला जाऊन आले. साक्षरता, कुटुंबनियोजन असले कडू डोस गोष्टीच्या साखरेत घोळून पाजण्याची कला तिथल्या मिगेल साबिदो यांनी साधली होती. त्या धर्तीवर १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मिरचीही मूळची मेक्सिकोकडचीच. इथल्या मातीत ती रुजली, पसरली आणि पुढे ठेच्यात गेली. मालिकेचंही तसंच झालं. कुटुंबनियोजन मागे पडलं आणि कुटुंबाची कारस्थानं पुढे आली.

पण बी आणताना आपण त्यातली एक महत्त्वाची गोष्ट तिकडेच विसरून आलो: शेवट. मेक्सिकोतली मालिका रोज लागते, रडवते, श्रीमंताच्या घरात गरीब मुलीला मोलकरीण म्हणून पाठवते, आणि काही महिन्यांत, फार तर वर्षभरात संपते. १९७९ सालच्या 'श्रीमंतही रडतात' या अर्थाच्या नावाच्या मालिकेनं वेरोनिका कास्त्रो ही नटी जगभर नेली. १९९२ च्या सुमारास सोव्हिएत संघ कोसळला असताना अख्खा रशिया तिच्यासाठी रडत होता. पण ती मालिका संपली, आणि बाई दुसरीकडे गेली. आपल्याकडे मालिका संपत नाही. ती म्युनिसिपालटीच्या रस्त्याच्या कामासारखी चालू राहते. खणलेलं बुजवायचं, बुजवलेलं खणायचं.

'चार दिवस सासूचे' ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. भाग झाले तीन हजारांच्या वर. म्हणीप्रमाणे चार दिवस सासूचे झाले की चार दिवस सुनेचे यायचे असतात. इथे सासूचे चार दिवसच अकरा वर्षं चालले. कविता लाड यांची अनुराधा सून म्हणून घरात आली, आणि सुनेच्या चार दिवसांची वाट बघता बघता महाराष्ट्रात दोन निवडणुका होऊन गेल्या.

मी सहज हिशेब केला. एका भागात बावीस मिनिटांचा मजकूर धरला, तर तीन हजार भागांचे अकराशे तास होतात. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे 'गांधी'! इतका वेळ एक नटी एकच बाई जगत होती: देशमुखांच्या घरातली आशा देशमुख. भारी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि कमरेला नसल्या तरी आवाजात असलेल्या किल्ल्या.

आणि हे काम कसं करायचं असतं? नाटकाला महिनाभर तालीम असते. चित्रपटाला निदान पटकथा असते. मालिकेत सकाळी सेटवर गेल्यावर कागद हातात पडतात, काही वेळा शाई वाळायच्या आत. मेक्सिकोत यावर तोडगा म्हणून नटाच्या कानात बारीकसं यंत्र बसवून वाक्यं कानात सांगण्याची पद्धत पडली. आपल्या संगीत नाटकाच्या विंगेतला प्रॉम्प्टर तिकडे कानात जाऊन बसला म्हणायचा! आपल्याकडे नटाचं पाठांतर आणि देव, एवढाच आधार. त्यातून आज जी सून वाईट आहे ती पुढच्या महिन्यात चांगली होते, कारण आकडे घसरलेले असतात. पात्राच्या स्वभावाचं धोरण वाहिनीच्या कचेरीत ठरतं. अशा वेळी नटानं काय करायचं? बहुतेक नट एक चेहरा पक्का करतात आणि तो सगळ्या प्रसंगांना लावतात, सर्व सांधेदुखीवर एकच तेल लावतात तसा.

रोहिणीबाईंनी असं केलं नाही, हे माझं म्हणणं आहे. आणि ते 'गांधी'तल्या प्रसंगाशेजारी ठेवून तपासता येतं. तिथे प्रश्न होता, घरात चालणार कोणाचं? आशा देशमुखचाही प्रश्न तोच. फक्त तिथे बाई दाराशी ओढली जात होती, इथे दार तिच्या ताब्यात होतं. अल्काझींकडे कमावलेला आवाज त्यांनी इथेही मोडू दिला नाही. आपल्या मालिकांत रागावलेली सासू ओळखायची खूण म्हणजे ढोल वाजतो, वीज कडाडते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याशी तीनदा टक्कर घेतो. या सगळ्या गदारोळात बाई आवाज खाली आणत. पदर सावरण्यात, बोलायच्या आधी घेतलेल्या एका श्वासात, सुनेकडे न बघता तिच्याशी बोलण्यात आशा देशमुख उभी राहायची. ही सासू दुष्ट वाटण्याआधी ओळखीची वाटायची. आपल्या नात्यात, वरच्या मजल्यावर, क्वचित आरशात पाहिलेली. मालिकेतली वीज त्यांनी कडाडू दिली, पण चेहऱ्यावर पडू दिली नाही.

म्हणून मालिका थोर होती असं मी म्हणत नाही. अजिबात नव्हती. अकराशे तासांत नीट सांगितली असती तर त्या घरातून एका अख्ख्या पिढीची कादंबरी निघाली असती. हुंड्याचं काय झालं, मुली नोकरीला लागल्यावर स्वयंपाकघराचं काय झालं, एकत्र कुटुंब मोडताना कोणाला मोकळं वाटलं आणि कोणाला एकटं, हे सगळं सांगायला अशी नटी हाताशी होती. त्याऐवजी गैरसमज झाले, कागदपत्रं हरवली, गैरसमज मिटले, कागदपत्रं सापडली, आणि पुन्हा पहिल्यापासून. मालिकेनं बाईंना सिंहासन दिलं, राज्य दिलं नाही. हा आरोप खरा आहे, आणि तो लेखकांवर, वाहिनीवर आणि आकड्यांवर ठेवला पाहिजे. आपण ठेवतो तो नटीवर.

आणि जे हळहळतात त्यांना एक साधा प्रश्न: २००१ साली पन्नास वर्षांच्या या नटीसमोर दुसरं काय होतं? १९९९ साली नितीश सेन यांचं 'अपराजिता' त्यांनी एकटीनं रंगमंचावर पेललं होतं, दिग्दर्शन जयदेव यांचं. एकपात्री! म्हणजे एकदा प्रवेश झाला, की विंगेत जाऊन पाणी प्यायचीही सोय नाही. ते नाटक बघायला किती सभागृहं ओसंडून वाहिली, ते आपल्या हळहळणाऱ्या मंडळींनीच आठवून पाहावं. सिनेमात पन्नाशीच्या बाईला काम होतं, डबा भरण्याचं आणि मुलाची वाट बघण्याचं. २००३ सालच्या 'मुन्नाभाई'त त्या संजय दत्तची आई होऊन आल्याच. आणि वयात आठच वर्षांचं अंतर असलं तरी या वेळी मुलगा निदान लहान होता! मालिका कितीही सुमार असो, पन्नास वर्षांच्या बाईला गोष्टीच्या मधोमध बसवणारी तेव्हा ती एकच जागा होती. जिचं बोलणं घरात चालतं, जिच्या निर्णयावर गोष्ट पुढे सरकते, अशी बाई दुसरं कोण लिहीत होतं?

इथे मला 'पार्टी' आठवतो. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा गोविंद निहलानींचा १९८४ चा चित्रपट. त्यात रोहिणीबाई मोहिनी बर्वे झाल्या होत्या: एका मोठ्या नाटककाराच्या सावलीत अभिनय सोडून बसलेली, पेल्यात बुडत चाललेली नटी. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काम थांबलेल्या नटीचं काय होतं, हे या बाईंनी इतक्या जवळून बघून दाखवलं होतं. मला आपलं वाटतं, की मोहिनी बर्वे ज्यांना कळली, त्या काम थांबू देणार नाहीत. रोज सकाळी तोंडाला रंग लावून उभं राहणं, समोर आलेला कागद कसा का असेना त्यात माणूस शोधणं, यालाही रियाजच म्हणतात. गवयाचं रोज तंबोरा लावणं आपल्याला साधना वाटतं, आणि नटीचं रोज सेटवर जाणं म्हणजे पोटाची खळगी! पोट गवयालाही असतंच की.

२००४ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा मालिका चालूच होती. म्हणजे दिल्लीला त्या रंगभूमीच्या मानकरी, आणि संध्याकाळी देशमुखांच्या दिवाणखान्यात. २००८ साली जयदेव गेले, तेव्हाही मालिका चालूच होती. पडद्यावरच्या कुंकवाची कहाणी सगळा महाराष्ट्र बघत होता; पडद्यामागची ज्याची त्यानं कल्पना करावी.

मालिका २०१३ च्या जानेवारीत संपली. आता तरी सुनेचे दिवस येतील असं वाटलं, तोच जुलैमध्ये झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली. त्यात नवऱ्यामुलाच्या घरी एकूण सहा बायका, म्हणजे सुनेला एकदम सहा सासवा, आणि त्या सहांच्या शिखरावर गोखले गृहउद्योगाच्या सर्वेसर्वा आई-आजी: रोहिणी हट्टंगडी! सासूच्या खात्यात बढती झाली ती अशी. पण इथे एक गंमत बघण्यासारखी होती. हीच नटी, हाच घराचा मुख्य अधिकार, आणि आशा देशमुखचा मागमूस नाही. तिथला करडेपणा इथे वात्सल्याच्या आत जाऊन बसला होता, पुरणपोळीतल्या जायफळासारखा. दिसत नाही, पण नसतं तर कळलं असतं. अकरा वर्षं एकच साडी नेसल्यावर दुसरी नेसता येणं, हे नटाच्या कसाचं माप आहे.

मग २०२३ साली केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी आणि मंगळागौर. रोहिणीबाई त्यांत थोरल्या, वय वर्षं बहात्तर. बायका घोळक्यानं, ठेवणीतल्या साड्या नेसून, डोळ्यांवर गॉगल लावून थिएटरात गेल्या आणि तिथेच नाचल्या. समीक्षकांना या गर्दीचं भारी नवल वाटलं. नवल कसलं? या बायका काही आभाळातून पडल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या मध्ये, भाजी निवडता निवडता, त्यांनी या नटीला अकरा वर्षं पाहिलं होतं. त्यांनी 'गांधी' पाहिला असेल नसेल. बाफ्ता हा पुरस्कार आहे की बिस्किटाचा ब्रँड, हेही त्यांतल्या काहींनी विचारलं असतं. पण पडद्यावरची ती बाई पाठ ताठ करते तेव्हा काहीतरी बोलणार आहे, हे त्यांना ती बोलायच्या आधी कळत होतं. नाट्यशास्त्रात याला रसिकाची तयारी म्हणतात. ही तयारी कोणी करून घेतली, याचा विचार हळहळणाऱ्यांनी फावल्या वेळात करावा. साडेसात ते दहाच्या दरम्यान जमेल.